उभ्या गाडीचा वास

"बाई, तुमचं दूध उतू जाऊन राह्यलं!"

हिंगणघाटातल्या माझ्या बिऱ्हाडात ऐकलेलं पहिलं वाक्य हे. मी ट्रंकेतली पुस्तकं काढत बसले होते, दूध स्टोव्हवर होतं आणि आवाज पत्र्याच्या पलीकडून आला होता. धावत गेले तर दूध पातेल्याच्या काठाशी आलेलं. अजून गेलं नव्हतं, पण जाणार होतं. आभार मानायचं राहिलं बाजूला, मला आधी रागच आला. एकटी बाई राहायला येते काय आणि शेजारचा पुरुष पत्र्याला डोळा लावून बसतो काय! तशीच तरातरा बाहेर गेले आणि पत्र्याला कुठे भोक आहे का ते बोटानं चाचपून पाहिलं. भोक नव्हतं. पलीकडे एक ट्रक उभा होता आणि त्याच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आलेले दिसत होते. त्या पायांनाच मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"नाकानं," पाय म्हणाले.

हे जंगलूभाऊ. जंगलू उईके, मोटार मिस्त्री. स्वातंत्र्य येऊन तेव्हा चारपाच वर्षं झाली होती. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले होते आणि वेणा नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका खोलीत राहत होते. खोलीला लागून त्यांची शेड. केळझरच्या टेकड्यांमागच्या गोंडांच्या वस्तीत त्यांचा जन्म. लढाईच्या दिवसांत ते लष्कराच्या मोटार दुरुस्तीत भरती झाले, ब्रह्मदेशाच्या हद्दीपर्यंत जाऊन आले आणि परत आले ते हातात पाना घेऊनच. अंगानं किडकिडीत, केस आखूड कापलेले, आणि नाक म्हणाल तर अगदी साधं, बसकं. त्या नाकाकडे पाहून कुणालाही काही वाटलं नसतं.

पण त्याची निगा केवढी! विडी नाही, तंबाखू नाही, तपकिरीचं तर नाव काढायचं नाही. कच्चा कांदा खायचा तो सगळं काम आटोपल्यावर. सकाळी ओंजळीत पाणी घेऊन नाक असं धुवायचे की पत्र्याअलीकडे मला वाटायचं, म्हैस पाण्यात उतरली. वासाचं तेल लावलेलं गिऱ्हाईक आलं की त्याला शेडबाहेर निंबाखाली बसवायचे. एकदा एका बड्या मालगुजाराच्या कानात अत्तराचा फाया होता.

"फाया काढा, नाईतर गाडी न्या," जंगलूभाऊ म्हणाले.

"अत्तरानं तुह्यं काय बिघडते रे?"

"माह्यं नाई बिघडत भाऊ, गाडी तुमची बिघडली हाये."

फाया निघाला. मालगुजाराला 'भाऊ' म्हणणारा माणूस त्या गावात मी दुसरा पाहिला नाही. 'साहेब' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हताच. तहसीलदार आले तर तहसीलदारभाऊ. लष्करात असताना म्हणावं लागलं तेवढं म्हणून झालं, असं त्यांचं म्हणणं होतं.

वास ओळखायचा कसा, हे त्यांनी मला पत्र्याआडून शिकवलं. मी विचारलं नव्हतं. "वास दोन असतात बाई. एक जळका, एक कच्चा. जळका मांगून येते, धुराच्या नळीतून. थो आला का समजा, गाडीले खानं जास्त होऊन राह्यलं. त्यानं गाडी खोकलते, मानूस मरत नाई. पन कच्चा वास समोरून आला, आन गाडी उभी असतानाच आला, का मंग पाय उचलाचा."

"उभी असतानाच का?"

"पळत्या गाडीचं सारं वारं घेऊन जाते. उभी करा, मंग वास येते."

हे त्यांचं लाडकं वाक्य होतं आणि ते माणसांनाही लावायचे. आमच्या शाळेची तपासणी करायला एक साहेब आले, रस्त्यातच पाच मिनिटं माझ्याशी बोलत उभे राहिले आणि निघून गेले. पत्र्यापलीकडून शेरा आला, "हे बी उभे राह्यले का वास येते." मला हसू आवरेना. साहेबांनी माझ्याबद्दल काय लिहिलं ते पुढे कळलं तेव्हा शेरा बरोबर होता हेही कळलं.

त्यांच्या पाटीची गोष्ट सांगायलाच हवी. वर्ध्याहून पेंटर आला होता. मजकूर माझ्या हातचा. पेंटरनं तो वाचला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आडनाव कायले टाकता मिस्त्री? नुसतं जंगलू मोटार वर्क्स लिवतो. आडनाव वाचून लोक मांगं फिरतात."

"मांगं फिरनाऱ्याले रस्त्यावरूनच फिरू दे," जंगलूभाऊ म्हणाले. "शेडीत येऊन फिरला त माहा टाइम जाते." आणि 'उईके' ही अक्षरं त्यांनी बाकीच्या पाटीपेक्षा मोठी काढून घेतली. पाटी इतकी वेडीवाकडी दिसायची की माझ्यातल्या मास्तरणीला रोज त्रास व्हायचा. पण तीनचारशे पावलांवरून वाचता यायची, हे कबूल केलं पाहिजे.

आता त्या गाडीबद्दल.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक जिनिंग फॅक्टरी होती. तिच्या शेटजींनी देश सोडून जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाची जुनी विलायती मोटार घेतली होती. लांबलचक, हिरवी, समोरचे दोन दिवे डोळे वटारल्यासारखे. तिच्या इंजिनाला एक जादा यंत्र जोडलेलं होतं. ते इंजिनात हवा कोंबायचं, त्यामुळे गाडी सुसाट धावायची. गावानं त्याचं नाव ठेवलं भाता, लोहाराचा असतो तसा. असली गाडी जिल्ह्यात दुसरी नव्हती आणि भाता म्हणजे काय हे कुणालाच धड माहीत नव्हतं. त्यामुळे काहीही झालं तरी दोष भात्यावर जायचा.

त्या पावसाळ्यात गाडीला पेट्रोलचा वास यायला लागला. धावताना काही नाही, पण उभी राहून इंजिन नुसतं घुरघुरत असलं की येणार. शेठाणीबाईंना मळमळायचं. नागपूरहून एक मेकॅनिक बोलावला. त्यानं दिवसभर पाहिलं, कुठे थेंबसुद्धा ओला सापडला नाही, तेव्हा म्हणाला, भाता बिघडला आहे, तो मुंबईला पाठवावा लागेल, दसऱ्यानंतर बघू, तोवर धोका नाही. मग गणपत ड्रायव्हरनं आपल्या अकलेनं उपाय काढला. गाडीत तो अगरबत्तीचा अख्खा पुडा लावू लागला. आधी चंदनाचा वास यायचा, मागून गाडी. मला तर तो फार आवडायचा, खोटं कशाला सांगू.

एका सकाळी कापसाच्या बैलबंड्यांनी रस्ता अडला आणि ती गाडी आमच्या शेडसमोर थांबली. जंगलूभाऊ काम टाकून बाहेर आले.

"बंद कर," ते गणपतला म्हणाले.

"काऊन?"

"आंधी बंद कर, मंग सांगतो. आन थे अगरबत्त्या इझव पहिले. पेट्रोलच्या गाडीत इस्तू लावून बसला का बे?"

गणपत हसला. बंड्या हलल्या, गाडी गेली. त्यानंतर तीन दिवस जंगलूभाऊ फॅक्टरीच्या फाटकावर जात होते आणि तीनही दिवस तिथले दिवाणजी त्यांना फाटकावरूनच परत पाठवत होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या दाराशी आले. उंबऱ्याच्या आत ते कधी आले नाहीत, त्या दिवशीही बाहेरच उभे राहिले.

"बाई, तुमच्या पोरी दसऱ्याले फॅक्टरीत गानं म्हनाले जातात ना?"

"जातात. दरवर्षीच."

"औंदा नेऊ नका."

त्या फॅक्टरीची एक रीत होती. दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची ती चालत्या यंत्रांची. बंद यंत्र म्हणजे मढं, मढ्याला आरती कोण ओवाळतो, असं शेटजींचे वडील म्हणायचे. म्हणून सरकी काढायच्या चरक्या फिरत ठेवायच्या, मोटारीचं इंजिन चालू ठेवायचं आणि मोटारीपुढे कापूर पेटवून ओवाळायचा. मोटार उभी असायची फॅक्टरीच्या आवारात. आणि दसऱ्याला त्या आवारात हंगामाचा पहिला कापूस आलेला असायचा, मोकळा, ढिगांनी.

"भाता बिघडला आहे म्हणतात," मी म्हणाले. "नागपूरचा माणूस सांगून गेला, धोका नाही."

"त्यानं डोयानं पाह्यलं, बाई. मी हुंगलं. कच्चा वास हाये."

शेटजी आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष होते. माझी नेमणूक अजून पक्की झाली नव्हती. मी म्हणाले, "बघते." आणि दसऱ्याला अकरा मुली घेऊन फॅक्टरीत गेले. हे मी आज लिहिते आहे म्हणजे धीट आहे असं कुणी समजू नये.

आवारात झेंडूची तोरणं होती, चरक्यांचा खडखडाट चालला होता. कापसाचा एक ढीग तर मोटारीपासून पंधरावीस पावलांवर. मोटारीच्या नाकावर हार, इंजिन घुरघुरत होतं. आत अगरबत्त्यांचा धूर एवढा की काचांमधून पलीकडचं दिसत नव्हतं. माझ्या वर्गातल्या शांतेच्या हातात आरतीचं तबक होतं. दिवाणजींनी कापूर पेटवला. शांता मोटारीकडे निघाली, मुलींनी गाणं सुरू केलं आणि गर्दीतून जंगलूभाऊ आले. फाटक त्या दिवशी सगळ्यांना उघडं होतं. ते मोटार आणि शांता यांच्या मधे उभे राहिले.

"पोरी, मांगं सर. आरती होनार नाई."

गाणं थांबलं. दिवाणजी ओरडले, "ए, बाजूले हो! कोनं घेतलं याले अंदर? पूजेत गोंड हात घालते का आता?"

"घालते," जंगलूभाऊ म्हणाले आणि त्यांनी तबकातल्या पेटलेल्या कापरावर आपला उघडा तळवा ठेवला. ठेवला आणि दाबून धरला. ज्योत विझेपर्यंत काढला नाही.

आरती विझवली! सगळं आवार एकदम श्वास घेतल्यासारखं झालं. शांता रडायला लागली. आणि मी, जिला चार दिवस आधी सगळं सांगून झालं होतं ती मी, सर्वांत आधी ओरडले. "जंगलू! वेड लागलं का तुला? हो बाजूला!" वर्षभर ज्यांना भाऊ म्हणत होते त्यांना मी चारचौघांत एकेरीवर आणलं. शेटजी पाहत होते म्हणून आणलं. त्याची लाज मला आजही वाटते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते शेटजींना म्हणाले, "शेटभाऊ, गाडी बाहेर मैदानात ढकला. मले शंभर मोजेपर्यंत टाइम द्या. नाई सापडलं त माही शेड तुमच्या मानसाईच्या हातानं पाडा."

"मुहूर्त टळून जाईल!" दिवाणजी म्हणाले.

शेटजींनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. तेवढ्यात ओट्यावरून शेठाणीबाई बोलल्या. त्या माणसांत कधी बोलत नसत. "दो महिने से मैं उस गाडी में बैठती हूँ," त्या म्हणाल्या. "देखने दो उसको."

गाडी बंद केली. आठ जणांनी ढकलत ती फाटकाबाहेर मोकळ्या मैदानात नेली. इंजिनावर हात ठेवता येईल इतकं ते थंड होईस्तोवर जंगलूभाऊंनी सगळ्यांना ताटकळत ठेवलं. मुहूर्त टळला, दिवाणजी येरझाऱ्या घालत होते, लोक नाही नाही ते बोलत होते. जंगलूभाऊ उकिडवे बसून नाकाशी ओला पंचा धरून होते, नाक स्वच्छ करत. मग उठले, ढिगातला मूठभर कापूस मागवला, त्याचे सात फाये केले आणि टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल जिथून जिथून जातं तिथे प्रत्येक सांध्याला आणि वळणाला एकेक गुंडाळला. भात्यालाही एक.

"चालू कर गणपत. गती देजो नको, नुसती उभी ठेव."

इंजिन सुरू झालं. ते गोंडीत मोजू लागले, उंदीपासून म्हणजे एकपासून. तोंडानं पुटपुटत होते आणि डोळे मिटलेले. आकडे कुणाला कळत नव्हते म्हणून कुणालाच ठाऊक नव्हतं, किती राहिले. एवढी माणसं एका माणसाच्या भाषेवर खोळंबून उभी होती आणि ते मुळीच घाई करत नव्हते.

मग हात वर झाला. इंजिन बंद. एकेक फाया काढून ते नाकाशी नेत आणि टाकून देत. टाकीजवळचा टाकला. पंपाजवळचा टाकला. भात्यावरचा नाकाशी धरला तेव्हा सगळे पुढे झुकले.

"भाता साफ हाये," ते म्हणाले आणि तोही टाकला. "इलायती हाये म्हून सारे त्याच्यावर इल्जाम लावून राह्यले."

सहावा फाया त्यांनी हुंगलासुद्धा नाही. तो भात्याच्या मागे, खाली, तांब्याच्या नळीवरचा होता. नळी जिथे पट्टीनं बांधली होती तिथला. फाया ओलाचिंब होता आणि त्याला पेट्रोलचा लालसर रंग चढला होता.

"नळीले भेग हाये, केसाएवढी. गाडी पळते तवा इंजन शांत राह्यते, आन जे गळते थे वारं नेते. उभी राह्यली का इंजन थरथरते, भेग उघडते. थेंब पडते तापल्या लोखंडावर, त्याची वाफ होते. डोयाले ओलं दिसन कुठून?"

दिवाणजी म्हणाले, "एवढ्याशा कापसाचा काय पुरावा?"

जंगलूभाऊंनी तो फाया गाडीपासून शंभरेक पावलं दूर नेला, एका दगडावर ठेवला आणि हात धुऊन आले. मग तबक उचलून दिवाणजींच्या हातात दिलं. "कापूर पेटवा दिवाणजी. आता करा तिथं आरती."

दिवाणजी गेले. माघार घ्यायला जागाच नव्हती. कापराची वडी त्यांनी जरा लांबूनच फेकली. भडका कमरेएवढा उठला. तबक खाली पडलं, दिवाणजी धोतर सावरत चार पावलं मागे आले. मी मागे वळून आवारातल्या कापसाच्या ढिगाकडे पाहिलं आणि मग माझ्या अकरा मुलींकडे. मी तिथेच मातीत बसले.

शेटजींनी नारळ आणि शेला मागवला. जंगलूभाऊंनी घेतला नाही. "हे नको. आरती करा, पन बंद गाडीची करा. आन पोरी दूर उभ्या ठेवा."

"वो हमारे पिताजी की रीत है," शेटजी म्हणाले.

"मंग थे आरती मी दरसाल इझवीन," जंगलूभाऊ म्हणाले. नळीचा फुटका तुकडा कापून त्यांनी तिथे आपल्या शेडमधली नळी बसवली, पंच्यात हात गुंडाळला आणि घरी गेले.

यानंतर गावानं त्यांना डोक्यावर घेतलं असेल असं वाटत असेल तर ते गाव तुम्हाला माहीत नाही. त्या हंगामात अवकाळी पावसानं कापूस भिजला तर लोक म्हणाले, दसऱ्याची आरती विझली ना! फॅक्टरीचे ट्रक त्यांच्या शेडवर यायचे बंद झाले. दिवाणजींनी निरोप धाडला, केळझरच्या गणपतीला नारळ फोडून माफी माग, मग काम सुरू करू. जंगलूभाऊंनी उलटा निरोप धाडला, "गनपतीपाशी मी लहानपनापासून जातो, थ्याले मधात आनू नका. वास होता का नोता, एवढं सांगा. होता त माफी कायची?" काम कमी झालं, पाटी तेवढीच मोठी राहिली. मी पत्र्याअलीकडून ऐकत होते आणि गप्प होते. त्यांच्या तळव्यावर रुपयाएवढा गोल डाग राहिला होता.

पुढच्या दसऱ्याला शेटजींचं बोलावणं आलं. मुली नेल्या. गाडी आवारातच होती. शांतेनं तबक उचललं तेव्हा फाटकाबाहेर मला जंगलूभाऊ दिसले. आत आले नव्हते, पण तळवा पंच्यात पुसत तयारीत उभे होते. चरक्या नेहमीसारख्या फिरत होत्या. शेटजींनी गणपतकडे पाहून बोट हलवलं. गणपतनं गाडीचं इंजिन बंद केलं. दिवाणजींनी मुलींना दहा पावलं मागे घेतलं, जणू ही रीत पहिल्यापासूनच होती. जंगलूभाऊंचं नाव कुणी काढलं नाही. आरती होईपर्यंत ते तिथे थांबले आणि मग कामाला गेले.

दोन वर्षांनी माझी बदली वर्ध्याला झाली, बोरगाव मेघेला बिऱ्हाड मिळालं. निघायच्या दिवशी जंगलूभाऊ माझी ट्रंक घेऊन मोटारस्टँडवर आले. मोटार भरली होती, इंजिन चालू होतं, ड्रायव्हर घाई करत होता. मनात तीन वर्षं साठलेलं ते त्या गोंगाटात बोलायचं ठरवलं. "जंगलूभाऊ, त्या दसऱ्याला मी तुम्हाला सगळ्यांसमोर..."

"इंजन चालू होतं बाई," ते म्हणाले. "मले काई ऐकू आलं नाई."

आणि मला तिथेच ठेवून ते मोटारीकडे गेले. बॉनेटशी वाकले, खाली बसून चाकामागे नाक नेलं, टाकीच्या झाकणाशी थांबले. आतले लोक ओरडू लागले. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, शिवीही दिली. त्यांनी सबंध फेरी पुरी केली. माझ्या खिडकीखाली आल्यावर एकदा शेवटचा श्वास घेतला, मग ड्रायव्हरला दिसेल असा हात वर केला. डागाचा तळवा होता.

"न्या," ते म्हणाले. "साफ हाये."